हंगामाच्या आत नमुना: अंबडच्या एका प्रोटोटाइप वर्कशॉपचे परीक्षण

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका जुन्या टूलरूमच्या, म्हणजे कारखान्यांसाठी साचे आणि डाय बनवणाऱ्या जागेच्या, शेजारच्या गाळ्यात प्रोटोटाइप, म्हणजे वस्तूचा पहिला नमुना, करून देणारे एक छोटे वर्कशॉप आहे. द्राक्षबागेच्या गेल्या ऑक्टोबर छाटणीपासून यंदाच्या उन्हाळ्यातल्या खरड छाटणीपर्यंत मी तिथे अकरा वेळा काम दिले. त्यांपैकी आठ वेळा काम वेळेवर मिळाले, दोनदा उशीर झाला आणि एकदा केलेले काम मला फेकून द्यावे लागले. वर्कशॉपचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण काही तक्रारीही नोंदवायच्या आहेत आणि त्यांवर आपली बाजू मांडायला ती मंडळी इथे नाहीत. तरीही हे परीक्षण लिहिणे मला गरजेचे वाटते. नाशिकमध्ये राहून एखादी वस्तू बनवू पाहणाऱ्या नव्या उद्योजकाला नेमके कशाचे साहाय्य हवे असते, याबद्दलची माझी समजूत या सहा-सात महिन्यांत पूर्ण बदलली आहे.

मी जे उपकरण तयार करतो आहे, ते द्राक्षबागेत वेलीच्या उंचीवर लावायचे आहे. हवेचे तापमान, आर्द्रता आणि पानावरचा ओलावा मोजून ते शेतकऱ्याच्या फोनवर कळवते. यातली तिसरी मोजणी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत अवघड आहे. डाऊनी, म्हणजे केवडा, या रोगाचे बीजाणू पानाच्या ओल्या पृष्ठभागावरून पोहत पर्णरंध्रांपर्यंत जातात; पान कोरडे असेल तर त्यांना आत शिरता येत नाही. पान किती तास ओले राहिले हे नेमके कळले, तर भीतीपोटी होणारी एखादी फवारणी टाळता येते आणि गरजेची फवारणी वेळेवर करता येते. निर्यातीच्या मालासाठी याला फार किंमत आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अवशेषांवरून युरोपात आपल्या द्राक्षांची कोंडी झाली होती, ते वर्ष निफाड-दिंडोरीकडचा कोणताही जुना बागायतदार विसरलेला नाही.

आता यातली खरी अडचण सांगतो. छाटणीनंतर फुटवे निघण्यापासून फुलोरा आणि मणी सेट होईपर्यंतचे साधारण दीड महिन्याचे दिवस डाऊनीच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात. उपकरणाची खरी परीक्षा याच दिवसांत होते. या काळात ते चुकीचे आकडे देऊ लागले आणि मला ते दुरुस्त करून पुन्हा बागेत नेता आले नाही, तर तशीच परिस्थिती पुन्हा मिळण्यासाठी पुढच्या ऑक्टोबरची वाट पाहावी लागते. एका चुकीची किंमत एक वर्ष. तंत्रज्ञान किती झपाट्याने बदलते आहे यावर बोलताना आपण चिप आणि संगणकांचा वेग मोजतो. पण शेतीसाठी वस्तू बनवणाऱ्याला त्या पंचेचाळीस दिवसांत किती वेळा चूक सुधारता येते, हा त्याच्यापुरता तंत्रज्ञानाचा खरा वेग असतो. या वर्कशॉपचे मूल्यमापन मी याच मापाने केले आहे.

वेगाची ही गोष्ट थोडी मागे जाऊन पाहण्यासारखी आहे. प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर रचण्याची थ्रीडी छपाईची पद्धत अमेरिकेतल्या स्कॉट क्रम्प यांनी शोधली. तिच्या पेटंटचा अर्ज १९८९ मध्ये झाला आणि पेटंटची मुदत २००९ मध्ये संपली. तोवर अशी यंत्रे मोठ्या कंपन्यांनाच परवडत होती. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये रेपरॅप हा प्रकल्प सुरू करून प्रिंटरची रचना सर्वांसाठी खुली ठेवली होती. पेटंट संपल्यावर त्या खुल्या रचनेच्या आधारावर स्वस्त यंत्रांची लाट आली आणि आज अंबडच्या एका गाळ्यात तसे सहा प्रिंटर रात्रंदिवस चालतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजूलाही हेच घडले. आर्डुइनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड २००५ मध्ये इटलीतल्या इव्ह्रेया गावी विद्यार्थ्यांसाठी तयार झाला, ईएसपी-३२ ही वायफाय आणि ब्लूटूथ असलेली चिप २०१६ मध्ये आली आणि तिचा बोर्ड आज काही शे रुपयांत मिळतो. बोर्डाचे आरेखन करण्यासाठी किकॅड हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्याच्या विकासाला सर्न या संशोधन संस्थेने हातभार लावला आहे. थोडक्यात, वीस वर्षांपूर्वी ज्या कामासाठी कंपनीची प्रयोगशाळा लागली असती, त्याची बहुतेक साधने आता एका टेबलावर मावतात. मात्र साधन स्वस्त झाले म्हणून ते चालवण्याचे कसबही हाती येते असे नाही, आणि या वर्कशॉपची गरज तिथेच सुरू होते.

माझे पहिले काम पानाच्या ओलाव्याच्या सेन्सरचे होते. तांब्याच्या दोन कंगव्यांसारख्या रेषा एकमेकींत गुंतवलेली पट्टी वेलीत लावायची, तिच्यावर दव किंवा पाऊस पडला की दोन रेषांमधून सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि पान ओले आहे असे समजायचे, ही जुनी आणि सोपी पद्धत. पट्टी बागेत लावली आणि चौथ्या दिवशी फोनवर आकडे आले, त्यांत भर दुपारी पान पूर्ण ओले दिसत होते. निफाड तालुक्यातल्या माझ्या मामांनी फोनवर विचारले, “अरे, ऊन एवढे कडक आहे, तुझे पान कुठले ओले?” कारण बागेत फवारलेल्या बोर्डो मिश्रणात, म्हणजे बुरशीनाशकात, होते. मोरचूद आणि चुन्याचा थर पट्टीवर बसला होता, हवेतला थोडासा दमटपणाही तो धरून ठेवत होता आणि त्यातून प्रवाह वाहत होता. शिवाय उघडे तांबे हिरवे पडायला लागले होते.

ती पट्टी घेऊन मी वर्कशॉपमध्ये गेलो. गाळा चालवणाऱ्या ताई मेकॅनिकल इंजिनिअर आहेत आणि शेजारची टूलरूम त्यांच्या वडिलांची आहे. वडिलांना तिथले सगळेच काका म्हणतात. ताईंनी सांगितले की, बाहेरून बोर्ड मागवले तर आठ-दहा दिवस जातील, तेवढे दिवस माझ्याकडे नाहीत, म्हणून तांब्याचा थर असलेल्या साध्या शीटवर छोट्या सीएनसी राउटरने, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने कोरणाऱ्या यंत्राने, रेषा कोरून त्या त्याच संध्याकाळी पट्टी देतील. तसेच झाले. पहिली कोरलेली पट्टी उघडीच होती, दुसरीवर लाखेचा थर फवारला होता आणि तिसऱ्यापासून आम्ही प्रवाह मोजण्याचा मार्गच सोडला. आच्छादनाखाली झाकलेल्या रेषांची विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, मोजायची ठरवली. पाण्यामुळे ती मोठ्या फरकाने बदलते, कोरड्या बोर्डोमुळे फारशी बदलत नाही आणि तांबे झाकलेले असल्यामुळे गंजतही नाही. तीन आठवड्यांत पाच पट्ट्या झाल्या. पाचवी पट्टी फुलोऱ्याच्या आधी बागेत लागली आणि तिचे आकडे मामांच्या डोळ्यांना दिसणाऱ्या दवाशी जुळू लागले. या पाच फेऱ्या हंगामाच्या आत झाल्या, एवढ्या एका गोष्टीसाठी मी या वर्कशॉपला मनापासून दाद देतो.

उपकरणाच्या डबीबाबतचा अनुभव संमिश्र आहे. पहिली डबी मी हट्टाने पीएलए या प्लॅस्टिकमध्ये करून घेतली, कारण तिचा दर ग्रॅमला ६ रुपये होता आणि छपाई स्वच्छ येते. ताईंनी तेव्हाच सावध केले होते की, पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतो आणि उन्हात ठेवलेल्या बंद डबीचे तापमान हवेपेक्षा बरेच वर जाते. मी ऐकले नाही. बागेच्या उन्हात झाकण वाकले आणि कडेने धूळ आत गेली. नंतरची डबी पीईटीजीमध्ये केली, जो साधारण ८० अंशांपर्यंत तग धरतो. शेवटी एएसएवर स्थिरावलो, जो त्याहून अधिक उष्णता सोसतो आणि अतिनील किरणांनी लवकर ठिसूळ होत नाही. एएसएचा दर मला ग्रॅमला १२ रुपये पडला. बागेत वर्षभर राहणाऱ्या वस्तूसाठी तो महाग म्हणता येणार नाही. तापमानाच्या सेन्सरभोवतीचे पांढऱ्या बशांची चळत असलेले छत्रही तिथेच छापले. हवा आत खेळावी पण ऊन आत येऊ नये, अशी त्याची रचना असते आणि बशांमधली फट किती ठेवावी यावर ताईंनी माझ्या आरेखनात केलेली दुरुस्ती मोलाची ठरली.

काकांबद्दल स्वतंत्र लिहायला हवे. ओझरला एचएएलचा विमान कारखाना साठच्या दशकात आला. सातपूर आणि अंबडला पुढे मोटारींचे, त्यांच्या सुट्या भागांचे आणि वीज उपकरणांचे कारखाने उभे राहिले. त्या कारखान्यांना डाय, साचे, जिग आणि फिक्श्चर पुरवता पुरवता नाशिकमध्ये टूलरूमवाल्यांची एक पिढी तयार झाली, जिच्या बोटांना शतांश मिलिमीटर कळतो. काका त्या पिढीतले आहेत. माझी डबी हातात घेऊन त्यांनी ती उघडली, दोनदा मिटली आणि म्हणाले, “इथे कोपऱ्यात भिंत जाड आहे, साच्यात टाकशील तेव्हा खड्डा पडेल. आणि उतार कुठे दिलास? भाग साच्यातून निघणार कसा?” मी तेव्हा फक्त प्रिंटरवर निघणाऱ्या वस्तूचा विचार करत होतो, पुढे हजार नग काढायचे असतील तर साच्याच्या दृष्टीने भिंतींची जाडी सारखी हवी आणि उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार हवा, हे माझ्या ध्यानात नव्हते. हा सल्ला बिलात कुठेही लावलेला नाही. बेंगळुरू किंवा पुण्याच्या नवउद्योजकांबद्दल मी खूप वाचतो, पण प्रिंटरच्या शेजारीच धातू कापणारी व्हीएमसी आणि वायरकट यंत्रे चालवणारा जाणता माणूस बसलेला असणे, ही नाशिकची जमेची बाजू आहे आणि आपल्याच शहरात तिची पुरेशी दखल घेतली जात नाही, याचे मला वाईट वाटते.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. उपकरणातला प्रोग्रॅम लिहिण्याचे काम दोन-तीन वर्षांपूर्वीपेक्षा कितीतरी लवकर होते. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांसमोर आले आणि त्यानंतर कोड लिहून देणारी साधने झपाट्याने सुधारली. ज्या कामाला मला पूर्वी दोन आठवडे लागत, त्याचा पहिला मसुदा आता दोन दिवसांत होतो. पण त्यामुळे अडथळा नाहीसा झालेला नाही, तो फक्त पुढे सरकला आहे. कोड मंगळवारी तयार असतो आणि डबी पुढच्या सोमवारी मिळते. म्हणून माझ्यासारख्याच्या दृष्टीने प्रत्यक्ष वस्तू लवकर करून देणाऱ्या सेवेचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे. संगणकावरचे काम स्वस्त आणि जलद झाल्यावर तेवढेच काम करणाऱ्यांची गर्दीही वाढते; बोर्डो, धूळ, ऊन आणि पावसाशी झगडून टिकणारी वस्तू बनवणारे मात्र थोडे असतात, आणि लहान शहरातल्या उद्योजकाला संधी तिथे अधिक आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी तक्रार तारखांची आहे. जानेवारीत एएसएच्या बारा डब्या गुरुवारी मिळणार होत्या. “दादा, फाईल आज द्या, गुरुवारी संध्याकाळी न्या,” असे सांगितले गेले आणि त्या मला पुढच्या बुधवारी मिळाल्या. एएसए थंड होताना आकसतो आणि प्रिंटरची बंद पेटी पुरेशी गरम नसेल तर तळाचे कोपरे उचलले जातात. तसे होऊन पहिल्या चार डब्या वाया गेल्या, हे कारण मला मान्य आहे. पण ते मला शनिवारीच फोन करून सांगितले असते, तर पिंपळगाव बसवंतच्या शेतकऱ्याला दिलेली वेळ मी बदलली असती. काम बिघडते याचा राग येत नाही, बिघडल्याचे कळवत नाहीत याचा येतो.

दुसरी तक्रार फेकून द्याव्या लागलेल्या कामाची. दहा बोर्डांवर सुटे भाग जोडण्याचे काम मी त्यांच्याकडे दिले. भाग जोडायला त्यांच्याकडे लहान रिफ्लो भट्टी आहे, पण जोडल्यानंतर बोर्ड तपासण्याची शिस्त नाही. दहापैकी सहा बोर्डांवर व्होल्टेज नियंत्रित करणारा भाग उलटा बसलेला निघाला आणि चालू करताच तीन बोर्ड जळले. त्यांनी पैसे परत केले, भागांची किंमतही दिली, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. तरीही माझे मत असे की, प्लॅस्टिक, धातू आणि कोरीव कामासाठी इथे निःशंक जावे. इलेक्ट्रॉनिक्सची जोडणी मात्र जिथे प्रत्येक बोर्ड वीज देऊन तपासला जातो तिथेच द्यावी.

तिसरी गोष्ट तक्रारीपेक्षा इशारा म्हणून लिहितो. गोपनीयतेचा कोणताही कागद इथे केला जात नाही आणि टेबलावर एकाचे काम दुसऱ्याला सहज दिसते. माणसे विश्वासू आहेत, पण पेटंटच्या कायद्याला विश्वास कळत नाही. शोध आधीच उघड झाला तर पुढे त्यावर हक्क सांगणे कठीण होते. म्हणून आरेखन देण्यापूर्वी तात्पुरता पेटंट अर्ज दाखल करावा. त्यानंतर पूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात आणि मान्यताप्राप्त स्टार्टअपला शुल्कात ८० टक्के सवलत आहे. मी हा अर्ज केला तो पाचव्या पट्टीनंतर, खरे तर तिसरीच्या आधी करायला हवा होता.

पैशांच्या बाबतीत व्यवहार चोख आहे. प्रत्येक कामाचे जीएसटीसह रीतसर बिल मिळते, त्यावर कामाचे वर्णन स्पष्ट असते. ज्यांना सरकारी निधी घ्यायचा आहे त्यांच्या दृष्टीने ही छोटी बाब नाही. स्टार्टअप इंडियाचा उपक्रम जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाला आणि २०२१ मध्ये आलेल्या सीड फंड योजनेत इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या उद्योगांना आधार देणाऱ्या संस्थेमार्फत, नमुना तयार करणे आणि चाचण्या यांसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. असे अनुदान टप्प्याटप्प्याने येते आणि प्रत्येक टप्प्यावर खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. वहीच्या पानावर लिहिलेली पावती तिथे उपयोगी पडत नाही. नाशिकमध्ये २०१५ च्या कुंभमेळ्याच्या निमित्ताने एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभथॉन हे नवकल्पनांचे शिबिर झाले, त्यापाठोपाठ टीसीएस फाउंडेशनचे डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर हे नवोपक्रम केंद्र इथे उभे राहिले आणि समाजाच्या प्रश्नांवर वस्तू बनवण्याची एक सवय शहरातल्या तरुणांना लागली. त्या सवयीला बिल, मुदत आणि मोजमाप यांची जोड देणारी अशी ठिकाणे वाढायला हवीत.

वर्कशॉपला जे येत नाही त्याची कल्पनाही असू द्यावी. उपकरणात रेडिओ असेल, तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण मान्यता लागते. लोरा या कमी विजेवर दूरपर्यंत पोहोचणाऱ्या रेडिओसाठी आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ ही पट्टी परवान्याशिवाय वापरता येते, याचा अर्थ उपकरणाला मान्यता नको असा होत नाही. लिथियम सेल वापरायचा तर तो बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरो, नोंदणी असलेलाच घ्यावा. या विषयांवर ताई स्पष्ट सांगतात की, त्यांना माहिती नाही, आणि अर्धवट सल्ला देण्यापेक्षा ते मला अधिक आवडले.

मार्चअखेर मी वीस डब्या सिलिकॉनच्या साच्यात ओतून घेतल्या. एका साच्यातून वीस-पंचवीस नगांपर्यंत निघतात, नंतर साचा फाटू लागतो. साच्याचे ९,००० आणि प्रत्येक नगाचे ५५० रुपये पडले. रंग आणि पृष्ठभाग छापील डबीपेक्षा कितीतरी चांगला आला. पोलादी साच्यासाठी काकांनी मला २ लाख ८० हजारांचा अंदाज दिला आहे आणि त्याच वेळी, दोन हंगाम बागेत काढल्याशिवाय हा खर्च करू नकोस, असेही सांगितले. स्वतःच्या टूलरूमचे काम जाणार हे माहीत असून दिलेला हा सल्ला मी मानतो आहे. खरड छाटणीनंतरच्या पावसाळ्यात वीसही उपकरणे निफाड, दिंडोरी आणि पिंपळगावच्या बागांत राहतील.

ज्यांना इथे जायचे आहे त्यांनी सकाळी अकराच्या आत जावे, कारण दुपारनंतर ताई यंत्रांवर असतात आणि निवांत बोलणे होत नाही. आरेखन एसटीएलऐवजी स्टेप फाईलमध्ये न्यावे, म्हणजे त्यांना त्यात दुरुस्ती करता येते. तारीख तोंडी न घेता बिलावर लिहून घ्यावी. आणि वस्तू ज्या ठिकाणी राहणार आहे तिथली माती, धूळ, पाणी, जे काही तिच्या अंगाला लागणार असेल ते डबीत भरून सोबत न्यावे. पहिली पट्टी दाखवल्यावर काकांनी माझ्याकडून आरेखनाच्या आधी बाटलीभर बोर्डो मागून घेतला होता.